दगड वाचणारा माणूस

नालासोपारा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दारात लटकणारी गर्दी, विरार लोकल आणि पावसाळ्यात रुळांवर साचणारं पाणी. आपल्यापैकी कित्येकजण आठवड्यातून दोन वेळा तरी तिथून जातात. पण स्टेशनच्या पश्चिमेला सोपारा गावात विटांचा एक प्राचीन बौद्ध स्तूप आहे, हे किती जणांना माहीत आहे? पूर्वी ते नुसतं एक टेकाड होतं आणि गावातले लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली ते उघडलं गेलं आणि आत काय आहे ते जगाला कळलं. ज्यांनी ते उघडलं, त्या पंडित भगवानलाल इंद्रजींबद्दल मला लिहायचं आहे. ते कुठल्याही कॉलेजात गेले नव्हते. ज्या विषयात त्यांनी नाव कमावलं तो विषय त्यांना कोणी शिकवला नव्हता. लहानपणी लागलेला एक छंद, एवढंच त्यांचं भांडवल.

हा विषय निवडायला कारण आपलं होस्टेलच आहे. आपल्याकडे हल्ली छंदातून पैसे कमवणारे बरेच झालेत. कोणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो, कोणी दुकानांचे लोगो करतो, कोणी ज्युनियर्सच्या प्रोजेक्टसाठी सर्किट बोर्ड बनवून देतो. रात्री मेसमध्ये या मंडळींच्या गप्पा ऐकल्या तर प्रश्न दोनच असतात. पैसे किती मागायचे? आणि काम आपलं असलं तरी नाव कोणाचं लागणार? भगवानलालजींच्या आयुष्यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी सौराष्ट्रात, जुनागढला झाला. घराणं वैद्यांचं. संस्कृत आणि आयुर्वेद घरातच होते, म्हणजे मुलानेही नाडी बघून काढे द्यायचे हे जवळजवळ ठरलेलं. पण जुनागढजवळ गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड मोठा खडक आहे आणि त्याच्यावर अक्षरं कोरलेली आहेत. येणारे जाणारे यात्रेकरू ती बघायचे आणि पुढे जायचे. ती लिपी वाचता येणारा गावात कोणी नव्हता.

त्या लिपीचं कोडं सुटून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. ते सोडवणारे जेम्स प्रिन्सेप हे कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूची शुद्धता तपासणारे अधिकारी. म्हणजे दिवसा सोनंचांदी तपासायची आणि उरलेल्या वेळात जुनी नाणी आणि शिलालेख. १८३७ मध्ये त्यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि तीन वर्षांत वारले. त्यांनी केलेला ब्राह्मी अक्षरांचा तक्ता भगवानलालजींच्या हाती लागला तेव्हा ते साधारण पंधरा वर्षांचे होते. तो तक्ता हातात धरून ते खडकापुढे बसायला लागले. एक अक्षर तक्त्यात, तेच अक्षर दगडावर कुठे आहे ते शोधायचं. मास्तर नाही, पुस्तक नाही, परीक्षा तर नाहीच.

त्या खडकावर काय लिहिलं आहे हे आपल्या सिव्हिलवाल्यांनी मुद्दाम वाचावं. अशोकाच्या धर्माज्ञा आहेतच, पण त्याशिवाय इ. स. १५० च्या सुमाराचा, रुद्रदामन नावाच्या क्षत्रप राजाचा एक लेख आहे. तो चक्क एका धरणाचा रिपेअर रिपोर्ट आहे! सुदर्शन तलावाचं धरण चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधलं, अशोकाच्या काळात त्याला कालवे काढले, मग मोठ्या वादळात ते फुटलं. राजाच्या मंत्र्यांनी हे काम होणार नाही असं सांगून हात वर केले. शेवटी सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने ते पूर्वीपेक्षा भक्कम करून दाखवलं आणि त्यासाठी लोकांवर जादा कर बसवला नाही, असंही राजाने कोरून ठेवलं आहे. त्याच खडकावर तिसरा लेख स्कंदगुप्ताच्या काळचा, म्हणजे आणखी तीनशे वर्षांनंतरचा. त्यातही तेच धरण पुन्हा फुटल्याची आणि पुन्हा बांधल्याची हकिकत. एवढ्या जुन्या मेंटेनन्सची नोंद आपल्याला कुठल्या पुस्तकात मिळणार? असो. इंजिनियरिंगवाल्याला धरण दिसलं की राहवत नाही.

छंदाची बातमी पसरायला वेळ लागत नाही. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स हे गुजरातच्या इतिहासावर ‘रासमाला’ लिहिणारे इंग्रज अधिकारी. त्यांच्या कानावर या मुलाची गोष्ट गेली. इकडे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांना जुने लेख वाचू शकणारा माणूस हवा होता. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, तेच हे भाऊ दाजी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या बॅचचे डॉक्टर, गरिबांना फुकट औषध देणारे आणि प्राचीन इतिहासाने झपाटलेले. फोर्ब्सच्या शिफारशीवरून १८६२ मध्ये भगवानलालजी मुंबईला आले. वय बावीस, म्हणजे आपल्या फायनल इयरचं.

इथून पुढची बारा वर्षं ते भाऊ दाजींसाठी हिंडले. डॉक्टरांना दवाखाना सोडता येत नव्हता, तेव्हा लेण्यांत जायचं, डोंगर चढायचे, लेख साफ करायचे, ओला कागद दगडावर थोपटून ठसे घ्यायचे, हाताने नकला करायच्या आणि सगळं मुंबईला आणायचं, हे काम यांचं. आजच्या भाषेत ही फील्ड सर्व्हिस. ओरिसापासून राजस्थानपर्यंत त्यांची पायपीट झाली. मथुरेला १८६९ मध्ये त्यांना शीतलादेवीच्या एका ओट्याच्या पायऱ्यांत बसवलेला, दोन सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत असा दगड सापडला. त्यावर खरोष्ठी लिपीतले लेख होते. लोक इतकी वर्षं त्यावर पाय देऊन देवीला जात होते.

मग हे सगळं छापून यायचं तेव्हा नाव कोणाचं? निबंध भाऊ दाजींचे, ते वाचले जायचे एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत, इंग्रजीतून. ठसे आणि नकला बऱ्याचदा भगवानलालजींच्या. आज आपण म्हणू की हा अन्याय झाला. मलाही आधी तसंच वाटलं. पण दुसरी बाजूही बघायला हवी. प्रवासाचा खर्च, पुस्तकं, विद्वानांच्या ओळखी आणि मुख्य म्हणजे बारा वर्षं हेच काम करत राहायची मुभा, हे भाऊ दाजींनीच दिलं. १८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला, त्यात स्वतः भाऊ दाजींचं प्रचंड नुकसान झालं, तरी हे काम थांबलं नाही. जुनागढच्या वैद्याच्या मुलाला एवढं देणारा दुसरा कोण होता? माझं मत विचाराल तर ही शिकाऊ उमेदवारी होती, फक्त जरा जास्त लांबली.

ती संपली तीही वाईट रीतीने. भगवानलालजी नेपाळच्या सफरीवरून परत मुंबईला यायच्या आधीच, मे १८७४ मध्ये, भाऊ दाजी वारले. पस्तिशीला आलेला माणूस. बारा वर्षांचं काम दुसऱ्याच्या नावावर. डिग्री नाही आणि इंग्रजीत निबंध लिहिण्याइतकं इंग्रजीही नाही. आम्ही कॉन्व्हेंटवाले इंग्रजी बिनदिक्कत फाडतो आणि ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’मध्ये अडखळतो. यांचं नेमकं उलटं होतं. संस्कृत, प्राकृत तोंडपाठ, पण ज्या भाषेत जर्नल निघायची तीच नीट हाताशी नाही.

त्यांनी यावर साधा मार्ग काढला. ते आपल्या गुजरातीत लिहायला लागले आणि भाषांतर दुसऱ्यांनी केलं. त्यात सर्वांत मोठं नाव म्हणजे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात असलेले जर्मन पंडित जॉर्ज ब्यूलर. १८७७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त भगवानलालजींचा जुन्या नागरी अंकांवरचा निबंध आला. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे, त्यात यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत. त्या काळी शून्य वापरून आकडे लिहीत नसत. दहा, वीस, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं होती. ही चिन्हं मुळात अक्षरंच असावीत, असं त्यांनी मांडलं. त्यांचं सगळंच म्हणणं आज मानतात असं नाही, पण या लेखांतली बेरीज-वजाबाकी वाचायला त्यांच्या निबंधाने मोठी मदत झाली. १८८० मध्ये नेपाळचे तेवीस लेख प्रसिद्ध झाले. १८८१ मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचं पुस्तक निघालं, त्यावर जेम्स बर्जेस यांच्या शेजारी भगवानलाल इंद्रजी हे नाव आहे. कामाचे मालक आता बदलत होते, पण नाव आपलं लागत होतं.

याच सुमाराला सरकारचं गॅझेटियर तयार होत होतं. त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांना प्रत्येक जिल्ह्यातल्या प्राचीन स्थळांची माहिती हवी होती. आपला पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. तेव्हा वसई, सोपारा सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. ठाण्याच्या गॅझेटियरसाठी भगवानलालजींनी काम केलं आणि त्यातूनच ते सोपाऱ्याच्या टेकाडापर्यंत पोचले.

सोपारा त्यांना नवीन नव्हतं, आणि मला या गोष्टीतला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे, त्यात त्याने जिथे जिथे धर्मशाळा बांधल्या त्या गावांत शूर्पारकाचं, म्हणजे सोपाऱ्याचं नाव आहे. कार्ल्याला आणि कान्हेरीलाही सोपाऱ्याच्या माणसांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’मध्येही हे बंदर आहे. बौद्ध कथांत इथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट येते. गावात राहणाऱ्यांना टेकाड दिसत होतं आणि पुस्तकं वाचणाऱ्यांना नाव माहीत होतं. पण लेख वाचत वाचत शेवटी त्या टेकाडावर येऊन उभे राहिले ते हे.

एप्रिल १८८२ मध्ये खणायला सुरुवात झाली. टेकाडाच्या पोटात, विटांच्या बांधकामाच्या मधोमध, दगडाची एक मोठी गोल पेटी निघाली. झाकण काढल्यावर आत बुद्धाच्या आठ छोट्या धातुमूर्ती गोलाकार ठेवलेल्या. हे सात मागचे बुद्ध आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. मध्ये तांब्याचा करंडा. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडी, त्याच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोन्याच्या इवल्याशा डबीत काय असेल? हिरे? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते तिथे ठेवले गेले, असं भगवानलालजींनी सांगितलं. एवढ्या सोन्याचांदीच्या पोटात एक फुटकं मातीचं भांडं. सोबत सोन्याची फुलं होती आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. हे नाणं दुसऱ्या शतकाचं, मूर्ती मात्र कित्येक शतकं नंतरच्या. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी स्तूप उघडून पुन्हा बंद केला असणार.

त्याच वर्षी सोपाऱ्यातल्या भातेला तलावाजवळ त्यांना काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मीत काही ओळी होत्या. ती अशोकाची आठवी आज्ञा निघाली. पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजेसाठी सफरी काढायचे, अशोकाने त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, असा तिचा विषय. गिरनारच्या खडकावर भगवानलालजींच्या ओळखीच्या झालेल्या चौदा आज्ञांपैकीच ही एक होती. अक्षरं बघताच त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना आपणच करायची. या आज्ञांपैकी नववीचा तुकडा पुढे १९५६ मध्ये भुईगावला मिळाला, म्हणजे सोपाऱ्याला पूर्ण संच असणार.

सोपाऱ्याचा अहवाल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये त्यांच्या एकट्याच्या नावावर आला. १८८३ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला प्राच्यविद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यासाठी त्यांनी ओरिसाच्या हाथीगुंफेतल्या खारवेल राजाच्या लेखाचं वाचन दिलं. पुढच्या वर्षी लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. ज्यांनी कॉलेजचा उंबरा ओलांडला नाही ते डॉक्टर भगवानलाल झाले. मुंबई विद्यापीठानेही त्यांना फेलो केलं.

मात्र हे सगळं भोगायला आयुष्य फार उरलं नव्हतं. १६ मार्च १८८८ रोजी वाळकेश्वरला त्यांचं निधन झालं. वय अवघं अठ्ठेचाळीस. क्षत्रपांच्या नाण्यांवरचा त्यांचा निबंध १८९० मध्ये लंडनला छापला गेला, तोही दुसऱ्याने संपादन करून. गुजरातच्या प्राचीन इतिहासाचं त्यांचं काम गॅझेटियरच्या खंडात १८९६ मध्ये आलं.

मथुरेचा सिंहांचा दगड त्यांच्या इच्छेप्रमाणे ब्रिटिश म्युझियमला गेला आणि तो तिथेच आहे. मला हे पटत नाही, पण वस्तू त्यांची होती आणि इच्छापत्रही त्यांचंच. सोपाऱ्याच्या पेटीतले करंडे आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. आठव्या आज्ञेचा तुकडा फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. स्तूप मात्र जागेवरच आहे, नालासोपारा स्टेशनवरून रिक्षाने थोडंच अंतर. पुढच्या रविवारी आम्ही पाच-सहाजण जाणार आहोत, यायचं असेल त्यांनी सांगा.