नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस

माणगाव हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथील तहसील कचेरीपाशी एका तरुण सैनिकाचा पुतळा आहे. ते नाईक यशवंत बाळाजी घाडगे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, तालुक्यातील पळसगावच्या परिसरात. नाईक हे आडनाव नव्हे, हुद्दा होय. दहा-बारा जवानांच्या टोळीचा म्होरक्या, एवढाच त्याचा अधिकार. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते होते आणि दुसऱ्या महायुद्धात ही पलटण दहाव्या भारतीय डिव्हिजनसह इटलीत लढत होती.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने गावाच्या आसमंतातील शत्रूच्या ठाण्यावर त्यांची कंपनी चालून गेली. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे यांच्या टोळीतील प्रत्येक जण ठार अथवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे. त्यांनी सरळ मशीनगनवर धाव घेतली. हातबॉम्ब टाकून तोफ आणि तिचा चालक निकामी केला, टॉमीगनने आणखी एकास लोळवले. गोळ्या संपल्या, नवी काडतुसे भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना मारले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस वर्षे.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. त्यांची कबर वा समाधी कोठेही नाही; कासिनो येथील स्मारकावर नाव तेवढे कोरलेले आहे.

आता जे सांगितले त्यातील रणांगणाचा भाग सरकारी मानपत्रातला आहे. मानपत्र काही मिनिटांचा हिशेब देते. त्या मिनिटांपूर्वीची बावीस वर्षे सांगणे हे त्याचे कामच नव्हे. ते काम घरच्यांचे, गावकऱ्यांचे आणि पलटणीतील सोबत्यांचे. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनाही मराठा लाइट इन्फंट्रीतूनच, एप्रिल १९४५ मधील सेनिओ नदीकाठच्या पराक्रमाबद्दल, हाच सन्मान मिळाला. ते १९८४ पर्यंत हयात होते. त्यांच्यापाशी बसून युद्ध ऐकता येत होते. घाडगे यांच्यापाशी बसण्याची संधी कोणालाच मिळाली नाही.

त्यांची पलटण मात्र पुढे वाढत गेली. महायुद्धानंतर ती हवाई छत्रीधारी झाली, १९४८ मध्ये काश्मिरात झांगडच्या लढाईत उतरली आणि १९५२ पासून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण म्हणून ओळखली जाऊ लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजी तिचे जवान टांगाईलजवळ विमानांतून उतरले, पुंगलीचा पूल त्यांनी ताब्यात घेतला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरणाऱ्या भारतीय सैन्यात ते होते. या रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र बेंगळूरला आहे. प्रस्तुत लेखक याच शहरातील एचएसआर लेआउटमध्ये राहतो आणि सकाळी बागेत भेटणाऱ्या वृद्धांपैकी कोण कोठल्या लढाईतून आले आहे, हे शेजारच्या मुलांना ठाऊक नसते, असे त्याने पाहिले आहे. टांगाईलला उतरलेल्यांतील सर्वांत लहान जवानही आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

म्हणून या ग्रंथाच्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरी आजोबांची लष्करी पेटी माळ्यावर पडून आहे अशा माजी विद्यार्थ्यांना, एक विनंती. पदकांची छायाचित्रे काढतोच, पण पलटणीचे नाव, वर्ष, गाव, शेजारी लढणाऱ्या सोबत्याचे नाव, रात्री काय खाल्ले, पहिल्या उडीच्या वेळी विमानाच्या दारात उभे असताना काय वाटले, हे त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. शौर्याचे वर्णन सरकार करते. भाकरीचे कोण करणार?

दूर इटलीत मात्र कोणीतरी आठवण ठेवली. लढाईनंतर एकोणऐंशी वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि तेथील युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनी यशवंत घाडगे यांच्या नावाचे स्मारक उभारले. त्याचा आकार सूर्यघडीचा आहे.