संतांच्या अस्थींसमोर बिशपांची झडती घेणारे पोप लिओ नववे

ऑक्टोबर १०४९. फ्रान्समधल्या रेम्स शहरात बिशप आणि मठाधिपतींची धर्मसभा भरली होती. वेदीवर संत रेमी यांच्या अस्थी ठेवल्या होत्या. त्यांच्या साक्षीने पोप लिओ नववे यांनी प्रत्येकाला एकच गोष्ट जाहीर करायला लावली, आपण हे पद पैसे देऊन मिळवलंय की नाही.

काहींनी लगेच शपथ घेतली. काही गप्प बसले. लांग्रचे बिशप तर चौकशी अर्धवट टाकून रातोरात पळाले.

एवढी भीती कशाची होती?

त्या काळी बिशप फक्त धर्मगुरू नव्हता. त्याच्या हाती मोठ्या जमिनी आणि त्यांचं उत्पन्न असायचं. त्यामुळे राजे आणि सरदार ही पदं आपल्या माणसांना द्यायचे, अनेकदा पैसे घेऊन. पैसे मोजून आलेला माणूस ते वसूलही करायचा. या व्यवहाराला सायमनी म्हणत. त्यात अनेक पाद्री लग्न करायचे आणि चर्चची मालमत्ता मुलाबाळांकडे जायची.

लिओ कोण होते?

मूळ नाव ब्रुनो. जन्म १००२ मध्ये, अल्सासच्या उमराव घराण्यात. तूल शहराचे बिशप असताना त्यांनी तिथल्या मठांना शिस्त लावली. सम्राट हेन्री तिसरा याने नातेवाईक असलेल्या ब्रुनोंना पोपपदासाठी निवडलं. पण रोमचे पाद्री आणि लोक निवडतील तरच पद घेईन, अशी अट घालून ते यात्रेकरूच्या वेशात रोमला गेले. फेब्रुवारी १०४९ मध्ये ते पोप झाले.

रोममध्ये बसून फर्मानं काढण्याऐवजी ते इटली, जर्मनी, फ्रान्समध्ये फिरले. रेम्सच्या सभेत फ्रान्सच्या राजाने खोडा घातला, अनेक बिशपांना लष्करी मोहिमेवर बोलावून घेतलं. तरीही सभा झाली. लांग्रच्या बिशपांना धर्मबहिष्कृत केलं गेलं. नाँतच्या बिशपांनी गुन्हा कबूल केला, त्यांना बिशपपदावरून उतरवून साधं पाद्री केलं.

शेवट मात्र पराभवात

१०५३ मध्ये लिओ दक्षिण इटलीतल्या नॉर्मन लोकांविरुद्ध सैन्य घेऊन गेले. चिव्हिताते इथे त्यांचं सैन्य हरलं आणि ते कित्येक महिने कैदेत राहिले. एप्रिल १०५४ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण त्यांनी रोमला आणलेली माणसं मागे उरली. त्यातले हिल्डेब्रँड १०७३ मध्ये पोप ग्रेगरी सातवे झाले आणि पदं वाटण्याच्या हक्कावरून थेट सम्राटाशी भिडले. त्याआधी १०५९ मध्येच पोपच्या निवडीची सूत्रं कार्डिनल मंडळींकडे आली होती. आजही पोप तेच निवडतात.