ग्रीकच्या पेपरात पहिला

आजचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरीत झाला, असे राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात सांगून ठेवले आहे. जिथे खुद्द साहित्याचेच लग्न लागले, त्या वाशीम जिल्ह्यात आज स्पर्धा परीक्षेची पुस्तके उशाशी घेऊन झोपणारी मुले कमी नाहीत. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना एका परीक्षार्थीची ही गोष्ट सांगावीशी वाटते. हा परीक्षार्थी जानेवारी १९०८ मध्ये देशभर गाजलेला पुढारी म्हणून आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला येऊन गेला होता. त्याचे नाव अरविंद घोष.

अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कलकत्त्यात झाला. वडील कृष्णधन घोष सरकारी डॉक्टर. मुलांना हिंदुस्थानी चालीरीतींचा वारासुद्धा लागू नये आणि त्यांनी मोठे साहेब व्हावे, ही त्यांची जिद्द. म्हणून १८७९ साली त्यांनी तिन्ही मुलांना इंग्लंडला नेले आणि मँचेस्टरला ड्र्यूएट नावाच्या पाद्र्याच्या घरी ठेवले. अरविंद तेव्हा सात वर्षांचा. ड्र्यूएटसाहेबांचे लॅटिन पक्के होते. त्यांनी या मुलाला घरीच शिकवले. पुढे लंडनच्या सेंट पॉल शाळेचे मुख्याध्यापक वॉकर यांनी त्याची तयारी पाहिली आणि ग्रीकचा पाया स्वतः घालून दिला.

त्या काळी इंग्लंडात विद्वत्तेची कसोटी म्हणजे ग्रीक आणि लॅटिन. आपल्याकडे पाठशाळेत पाणिनी आणि कालिदास यांचे जे स्थान, तेच तिकडे होमर, सोफोक्लीस, व्हर्जिल आणि सिसेरो यांचे. पाठांतरावर भागत नसे. कधी न वाचलेला उतारा समोर टाकून त्याचे भाषांतर करायला सांगत. त्याहून अवघड म्हणजे इंग्रजी उताऱ्याचे ग्रीक किंवा लॅटिन गद्य करणे आणि इंग्रजी कविता त्या भाषांतल्या वृत्तांत बसवणे. आपल्याकडच्या मुलाला वर्तमानपत्रातला अग्रलेख देऊन, दोन तासांत याचे निर्दोष अनुष्टुभ् श्लोक कर, असे सांगितले तर त्याची जी गत होईल, तशीच ही परीक्षा!

आणि ही तयारी कोणत्या परिस्थितीत चालली होती? वडिलांकडून येणारे पैसे अनियमित झाले, मग जवळजवळ बंदच पडले. मोठा भाऊ बिनयभूषण आठवड्याला पाच शिलिंगांवर काम करू लागला. लंडनच्या एका क्लबाच्या इमारतीत या भावांनी आसरा घेतला. खोलीत शेगडी नाही, अंगात थंडीचा कोट नाही. सकाळी चहाबरोबर पावाचे एकदोन तुकडे आणि संध्याकाळी पेनीभर किमतीचे काहीतरी खाणे, एवढ्यावर वर्षभराहून अधिक काळ निघाला.

अशा स्थितीत अरविंदांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची शिष्यवृत्ती परीक्षा दिली. वर्षाला ऐंशी पौंड मिळू लागले. एवढ्या वर्षांत अभिजात भाषांच्या इतक्या सरस उत्तरपत्रिका हाती आल्या नाहीत, अशी पावती परीक्षक ऑस्कर ब्राउनिंग यांनी दिली. १८९० साली आय.सी.एस.च्या परीक्षेत अरविंद अकरावे आले. ग्रीकमध्ये तर ते सर्वांत पहिले होते. त्याच विषयात दुसरा आलेला बीचक्रॉफ्ट नावाचा इंग्रज विद्यार्थी आपण लक्षात ठेवूया. १८९२ साली केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेचा पहिला भागही अरविंदांनी पहिल्या वर्गात पार केला.

वडिलांचे स्वप्न हाताशी आले होते. उरली होती फक्त घोडेस्वारीची चाचणी. तिला अरविंद गेलेच नाहीत. पुन्हा तारखा दिल्या, त्याही चुकवल्या. साहेबाची चाकरी नको, हे मनाशी ठरले होते. नोव्हेंबर १८९२ मध्ये त्यांचे नाव यादीतून गळले. ट्रायपॉसचा तो भाग दुसऱ्याच वर्षी दिल्यामुळे नियमानुसार पदवीही मिळाली नाही. पहिला वर्ग आहे पण पदवी नाही, आय.सी.एस.ची परीक्षा उत्तीर्ण पण नोकरी नाही!

सुदैवाने सयाजीराव गायकवाड तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी हे रत्न ओळखले आणि दरमहा दोनशे रुपयांवर बडोद्याला बोलावले. पण मुलगा बसला आहे ते जहाज बुडाले, अशी खोटी बातमी घरी पोहोचली आणि त्या धक्क्याने वडिलांनी प्राण सोडला. अरविंद दुसऱ्याच जहाजाने येत होते. फेब्रुवारी १८९३ मध्ये ते मुंबईला उतरले, तेव्हा वाट पाहणारे वडील जगात नव्हते.

बडोद्याला त्यांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. या वेळी परीक्षक नव्हता, गुण नव्हते. होमर आणि व्हर्जिल मूळ भाषेत वाचणाऱ्या या प्राध्यापकाला व्यास-वाल्मीकी परके होते. संस्कृत ते स्वतःच शिकले. बंगाली पक्की केली, मराठी आणि गुजराती शिकले. खासेराव जाधवांसारख्या मराठी माणसांचा स्नेह त्यांना लाभला. केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे यांच्यामुळे मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये त्यांची जहाल लेखमाला आली. कालिदासाच्या ‘मेघदूता’चे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले, त्याचे हस्तलिखित पुढे हरवले. रामगिरीचा तो यक्ष आपल्या विदर्भातलाच, ही आठवण इथे होतेच.

मे १९०८ मध्ये, अमरावतीच्या भेटीनंतर चारच महिन्यांत, बॉम्बच्या कटाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. अलीपूरच्या न्यायालयात खटला उभा राहिला. न्यायाधीशाच्या खुर्चीवर कोण होते? ग्रीकच्या पेपरात दुसरे आलेले बीचक्रॉफ्ट! पहिला आलेला पिंजऱ्यात आणि दुसरा आलेला न्यायासनावर. ६ मे १९०९ रोजी बीचक्रॉफ्ट यांनी अरविंदांना निर्दोष सोडले.

पुढे १९१० साली अरविंद पुदुच्चेरीला गेले. ५ डिसेंबर १९५० रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. योगसाधनेच्या त्या वर्षांतही होमर त्यांना सोडून गेला नव्हता. ट्रॉयच्या शेवटच्या दिवसावर होमरच्याच वृत्तात ते ‘इलियन’ नावाचे महाकाव्य लिहीत होते. ते अपुरेच राहिले.

निकालाच्या दिवशी घराघरांत हिशेब होतो तो गुणांचा आणि नोकरीचा. तो हिशेब खोटा नाही; उपाशीपोटी शिकलेल्या अरविंदांना त्या ऐंशी पौंडांचे मोल पुरेपूर ठाऊक होते. पण पदवी आणि नोकरी दोन्ही हातची गेल्यावरही थंडीत कुडकुडत केलेला अभ्यास त्यांच्यापाशी उरला, तो मरेपर्यंत. वत्सगुल्माच्या मुलामुलींनी परीक्षेला जाताना एवढे मनाशी धरावे, आणि त्यांच्या आईवडिलांनीही.