धनुष्याला चाकं लावणारा माणूस : होलेस अ‍ॅलन

५ ऑगस्ट २०२३. बर्लिनमध्ये तिरंदाजीची जागतिक स्पर्धा सुरू होती. १७ वर्षांची अदिती स्वामी वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि त्याच दिवशी ओजस देवतळेनं १५० पैकी १५० गुण मारून पुरुषांचं सोनं जिंकलं. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे तयार झालेले. फोटो व्हायरल झाले आणि अनेकांना एकच प्रश्न पडला, हे कसलं धनुष्य? दोन्ही टोकांना चाकं आणि मध्ये दोऱ्यांची गुंतागुंत.

याला कंपाउंड धनुष्य म्हणतात. ते आलं अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात राहणाऱ्या होलेस विल्बर अ‍ॅलन यांच्या डोक्यातून.

अ‍ॅलन यांचा जन्म १९०९ चा. त्यांना धनुष्यबाणानं शिकार करायचा नाद होता आणि त्यांची अडचण अगदी साधी होती. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढाल तितका जोर वाढत जातो. म्हणजे नेम धरायची वेळ येते, नेमका तेव्हाच हातावर सगळ्यात जास्त ताण. हात थरथरला की बाण गेलाच भलतीकडे. शिवाय अ‍ॅलन यांना बाण आणखी वेगानं जायला हवा होता.

मग त्यांनी एका धनुष्याची टोकं कापली आणि तिथं कप्प्या बसवल्या.

बिलोली-देगलूरकडच्या जुन्या आडावर कप्पीवरून पोहरा ओढलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना यातला अर्धा भाग लगेच कळेल. उरलेला अर्धा भाग मात्र खरी कमाल आहे. आडावरच्या कप्पीचा आस मधोमध असतो. अ‍ॅलन यांनी तो बाजूला सरकवला. त्यामुळे दोरी ओढताना सुरुवातीला जोर लागतो, पण चाक एका टप्प्यापुढे फिरलं की ताण एकदम उतरतो. आजच्या बऱ्याच धनुष्यांत हा उतार ८० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे २७ किलोचा जोर लावून धनुष्य ओढायचं, पण नेम धरताना हातावर साडेपाच किलोच्या आसपास.

जून १९६६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ३० डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं.

पण या सोयीसोबत एक कटकटही आली. चाकं दोन, आणि ती एकाच क्षणी, सारखीच फिरायला हवीत. वापरून एक केबल जरा जरी सैल पडली तरी एक चाक आधी वळतं, दुसरं मागे राहतं. मग बाणाचं शेपूट सुटताना वर किंवा खाली उडतं. खेळाडूचा हात स्थिर, नजर पक्की, तरी बाण वाकडा! त्यामुळे कंपाउंडवाल्याला नेमबाजीसोबत थोडी मेकॅनिकगिरीही शिकावीच लागते.

तपासायची पद्धत मात्र भलतीच स्वस्त आहे. चौकटीवर कागद ताणून लावायचा, दोन-एक मीटरवरून बाण मारायचा आणि भोक बघायचं. बाण सरळ गेला तर गोल भोक आणि पिसांच्या बारीक चिरा दिसतात. शेपटाकडून कागद वरच्या बाजूला फाटला, तर आधी दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळतात का ते पाहायचं. जुळत नसतील तर धनुष्य प्रेसमध्ये दाबून केबलला पीळ द्यायचा किंवा सोडायचा. चाकं जुळत असतील तर दोरीवर बाण अडकवायची जागा किंचित खाली घ्यायची. तेवढं करूनही फरक पडला नाही, तर बाणाच्या काडीचा ताठपणा त्या धनुष्याला मानवत नाही, असंही असू शकतं. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. स्पर्धेत ५० मीटरवर १० गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटर व्यासाचं असतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

अ‍ॅलन यांच्या कल्पनेवर पहिल्यांदा पैज लावली ती टॉम जेनिंग्स या धनुष्य बनवणाऱ्यानं. त्यांनी परवाना घेऊन कंपाउंड धनुष्य बाजारात आणलं. पारंपरिक धनुर्धारी नाकं मुरडत होते, चाकं लावलेलं ते कसलं धनुष्य म्हणून. त्यांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य होतंच, कारण यात शरीराचं बरंच काम यंत्र करतं. पण खप वाढत गेला आणि सोबत भांडणंही. पुढे पेटंटवरून अ‍ॅलन यांची कंपनी आणि जेनिंग्स यांची कंपनीच कोर्टात समोरासमोर आल्या.

या भांडणांचा शेवट अ‍ॅलन यांना पाहता आला नाही. जून १९७९ मध्ये कार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ब्राउनिंग कंपनीविरुद्धच्या खटल्यात अपील कोर्टानं त्यांचं पेटंट वैध ठरवलं ते १९८७ मध्ये. तोवर पेटंटची १७ वर्षांची मुदतही संपून गेली होती.

१९९५ मध्ये जकार्ताच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडला पहिल्यांदा जागा मिळाली. ऑलिंपिकनं मात्र आणखी कितीतरी वर्षं दार उघडलं नाही. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे.