नेत्रचिकित्सेचे आश्रयदाते : तंजावरचे सरफोजीराजे

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी दूर दक्षिणेत तंजावर येथे मराठी राज्य स्थापिले. त्याच भोसले कुळात २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजी (दुसरे) यांचा जन्म झाला. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. परंतु लवकरच राजे निवर्तले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. त्या संकटकाळात श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने बालसरफोजींचा सांभाळ केला व त्यांना पाश्चात्त्य विद्यांची गोडी लावली.

१७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली खरी. पण पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांच्या हाती किल्ला आणि नेमणूक एवढेच उरले. ते खचले नाहीत. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, देवनागरी मुद्रणालय काढले आणि धन्वंतरी महाल उभारला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य वैद्यक यांचा एकत्र अभ्यास होई. अनुभवास उतरलेले औषधयोग तमिळ पद्यांत संकलित झाले. त्यांत नेत्ररोगांनाही स्थान मिळाले.

डोळा हा लहानसा पण अद्‍भुत अवयव आहे. प्रकाशकिरण पारदर्शक पारपटलातून आत येतात, बाहुलीतून पुढे जातात आणि भिंगामुळे दृष्टिपटलावर एकत्र येतात. तेथून दृक्‌चेता ती संवेदना मेंदूकडे नेते. हे भिंग गढुळले, की मोतीबिंदू होतो. जुने वैद्य शलाकेने ते बाजूस सारून प्रकाशाची वाट मोकळी करीत. अशा नाजूक अवयवावरील उपचारांत अंदाज चालत नाही. हवे असते काटेकोर निरीक्षण. म्हणूनच सरफोजींच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी मोलाच्या ठरतात. चाळीसांहून अधिक रुग्णांची लक्षणे व उपचार त्यांत लिहिलेले असून सोबत रोगग्रस्त डोळ्यांची चित्रेही आहेत. छायाचित्रण अवतरण्यापूर्वीची ही सावध दृष्टी होती.

१८२० ते १८२२ या काळात राजांनी काशीयात्रा केली. त्या नगरीचे घाटही त्यांनी चित्रबद्ध करून घेतले. जे पाहिले ते नोंदवून ठेवावे, हा त्यांचा स्वभावच होता.

७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. १८५५ मध्ये तंजावरचे राज्यही खालसा झाले. सरस्वती महालातील हस्तलिखिते मात्र आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. महाराष्ट्रापासून दूर राहूनही मराठी माणूस ज्ञानाची केवढी सेवा करू शकतो, याची साक्ष ती देतात. सत्ता गमावलेल्या या राजाने प्रजेच्या दृष्टीची काळजी वाहिली, हेच त्यांचे खरे राजेपण होय.