करवंटीचा कोळसा आणि जेम्स ड्यूअर

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. परंतु गेल्या महिन्यात घरचा थर्मास फुटला, आतली दुहेरी काच दिसली आणि तिचा जनक कोण हे शोधावेसे वाटले.

जेम्स ड्यूअर यांचा जन्म १८४२ साली स्कॉटलंडमधील किंकार्डिन येथे झाला. दहाव्या वर्षी ते गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ फुटून आत पडले व सांधेज्वराने दीर्घकाळ आजारी राहिले. त्या दिवसांत ते व्हायोलिन बनवण्यास शिकले. हाताची ती सफाई पुढे प्रयोगशाळेत उपयोगी पडली. १८७७ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. १८९२ मध्ये त्यांनी निर्वात बाटली बनवली आणि १८९८ मध्ये हायड्रोजन वायू द्रवरूप केला. बाटलीचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. थर्मास विकून पैसा मिळवला तो एका जर्मन कंपनीने.

नारळाच्या करवंटीचा कोळसा अतिशय थंड केला, की तो वायू भराभर शोषून घेतो, हेही त्यांनी दाखवून दिले. कोळशातील सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना वायूचे रेणू चिकटतात. चांगल्या सच्छिद्र कोळशाच्या एका ग्रॅममध्ये अशा भिंतींचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरहून अधिक भरते! हायड्रोजन इंधन साठवण्यासाठी आजचे संशोधक याच गुणावर भिस्त ठेवून आहेत. साध्या तापमानाला मात्र कोळशात फारच थोडा हायड्रोजन टिकतो. ती अडचण अजून सुटलेली नाही.

ड्यूअर १९२३ मध्ये वारले. त्यांच्या खात्यावर मी आधी निव्वळ तोटा मांडला असता. आता माझा हात थांबतो.