खंड सरकतात हे सांगणारा सैनिक : आल्फ्रेड वेगेनर

नाहरगड चढताना आपल्या पायाखाली अरवलीचा खडक असतो. जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी ही एक. हा डोंगर आणि त्याखालची सारी भारतभूमी आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकत आहे. भूखंड सरकतात हा विचार पुराव्यांनिशी मांडणारे आल्फ्रेड वेगेनर भूगर्भशास्त्रज्ञ नव्हतेच.

त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. १९०५ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विषय होता ग्रहगतीची जुनी कोष्टके. सवाई जयसिंहांनीही अशीच कोष्टके तयार करवून घेतली होती. पुढे वेगेनर हवामानशास्त्राकडे वळले. १९०६ मध्ये भाऊ कुर्ट यांच्यासह बलूनमधून सलग ५२ तासांहून अधिक उड्डाण करून त्यांनी विक्रम केला. त्याच वर्षी ते ग्रीनलंडच्या पहिल्या मोहिमेवर गेले.

१९११ मध्ये मारबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्या वाचनात एक संकलन आले. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर सारखेच जीवाश्म सापडतात, असे त्यात दिले होते. दोन्ही किनाऱ्यांचा आकार एकमेकांत बसतो, हे त्यांनी नकाशात आधीच पाहिले होते. मग त्यांनी आपला विषय सोडून खडक, जीवाश्म आणि प्राचीन हिमनद्या यांवर मिळेल ते वाचले. भारतातही असा पुरावा आहे. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे आपल्या गोंडवन खडकांत सापडतात, तसेच दक्षिण आफ्रिकेतही. उन्हाने भाजणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातील खडकांवर हिमनदीचे ओरखडे आहेत! जमीन जागची हलली नसती, तर हे कसे घडले असते?

६ जानेवारी १९१२ रोजी त्यांनी फ्रांकफुर्टमध्ये हा विचार मांडला. १९१४ मध्ये युद्ध पेटले. राखीव दलातील अधिकारी म्हणून ते बेल्जियमच्या आघाडीवर गेले व दोनदा जखमी झाले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी पुस्तक लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

टीका खूप झाली. एवढे खंड ढकलणारी शक्ती कोणती, हा विरोधकांचा प्रश्न रास्त होता आणि वेगेनर यांचे उत्तर अपुरे होते. तरीही त्यांनी विचार सोडला नाही. नवे पुरावे घालून १९२९ पर्यंत त्यांनी पुस्तकाच्या तीन सुधारित आवृत्त्या काढल्या.

१९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात, किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, त्यांच्या मोहिमेचे दोन सहकारी हवामान केंद्र सांभाळत होते. हिवाळ्यासाठी त्यांची रसद अपुरी होती. मोहिमेचे प्रमुख म्हणून वेगेनर स्वतः कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. वाटेत थंडी उणे ५० अंशांखाली गेली. बहुतेक साथीदार परत फिरले. वेगेनर, लोवे आणि ग्रीनलंडचे रासमुस विलुमसेन ३० ऑक्टोबरला पोहोचले. पाय हिमदंशाने बधिर झाल्याने लोवे तेथेच राहिले. अन्न पाच जणांना पुरणारे नव्हते. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर विलुमसेनसह परत निघाले. दोघेही किनाऱ्याला पोहोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा देह सापडला. विलुमसेनने तो नीट पुरून वर स्कीची खूण उभी केली होती. विलुमसेन मात्र कधीच सापडला नाही. केंद्रावरचे तिघे वाचले.

१९६० च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासातून खंडांच्या हालचालीचे कोडे उलगडू लागले आणि भूपट्ट सिद्धान्त उभा राहिला. पुढच्या वेळी ग्रंथालयात गेलात, तर अॅटलास उघडून अटलांटिकचे दोन्ही किनारे जरूर पाहा. आणि अभ्यासक्रमाबाहेरचेही एखादे पुस्तक घरी न्या.